दौलतराव पाटलांच्या छातीचा फोटो

कारंज्याच्या फुलचंद डॉक्टरांनी एक्स-रेचं मशीन आणलं तेव्हा गावातल्या विजेचा काही भरवसा नव्हता, म्हणून त्यांनी मागच्या अंगणात एक तेलाचं इंजिनही बसवून घेतलं. इंजिन धडधडलं की अख्ख्या गल्लीला कळायचं, आज कोणाच्या तरी छातीचा फोटो निघतोय. मग लोक समोरच्या ओट्यावर येऊन बसत आणि बाहेर पडणाऱ्याच्या तोंडाकडं पाहून निकाल लावून टाकत. हसत आला तर सर्दी, मान खाली घालून आला तर क्षय. ही छप्पन-सत्तावन्नची गोष्ट. त्या दिवसांत ताप उतरत नाही, खोकला जात नाही म्हटलं की लोकांच्या तोंडी क्षयच यायचा, आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा तो निघायचाही.

गोविंदसिंग मान खाली घालूनच बाहेर आला. त्याच्या मागून त्याची बायको नानीबाई आली, दिवस भरत आलेलं पोट सांभाळत. ओट्यावरच्या लोकांना म्हणाली, "काय पाहून राह्यले? इथं काय तमाशा लागला हाय?" लोक मुकाट्यानं उठून गेले. बाई होतीच तशी. शेलूबाजारजवळच्या बंजारा तांड्यात तिच्याशी वाद घालायचा तर तिची सासू हिरीबाईसुद्धा आधी विचार करायची. आपसात ही माणसं गोरमाटी बोलत; मी आपल्या वऱ्हाडीत सांगतो, एवढं चालवून घ्या.

डॉक्टरांनी आत तो काळा फोटो दिव्याच्या पेटीवर लावून दाखवला होता. दोन्ही फुप्फुसांत बारीक बारीक ठिपके, जसे कोणी राळ्याचे दाणे सांडून दिलेत. "पसरलेला क्षय दिसतो," डॉक्टर म्हणाले. "दूर सॅनेटोरियममध्ये न्यावं लागेल. जागा मिळेपर्यंत याला वेगळं ठेवा. ताट वेगळं, तांब्या वेगळा. आणि बाळ झालं की त्याला याच्या जवळपासही नेऊ नका."

तांड्यानं नाल्यापलीकडं एक खोपडी बांधून दिली. आठवडा उलटायच्या आत नानीबाई बाळंत झाली, मुलगी झाली, कस्तुरा नाव ठेवलं. बापानं पोरीला पाहिलं ते नाल्याच्या या काठावरून त्या काठावर. सरकीचं भरलेलं पोतं एकट्यानं बैलबंडीवर टाकणारा गडी तो. आता खोपडीच्या दाराशी बसून राहायचा आणि नानीबाई पोरीला वर धरून दाखवायला लागली की आधी वाऱ्याकडं पाहायचा. वारा त्याच्याकडून तिच्याकडं असला की हातानं खूण करायचा, मागं हो, अजून मागं. नानीबाई मागं व्हायची आणि घरी येऊन भांडी आपटायची. सासूवर ओरडायची, कोंबड्यांवर ओरडायची. रडणं तिला जमत नसे, त्याची कसर ती अशी भरून काढी.

पंधरवड्यानं सोमलालाही तेच झालं म्हणून कळलं. खरं तर त्याला ताप गोविंदसिंगाबरोबरच आला होता, पण तो फोटो काढायला घाबरत होता. सोमला हा गोविंदसिंगाचा जोडीदार. दोघंही शेलूबाजारच्या दौलतराव पाटलांच्या संत्र्याच्या बागेत कामाला. डॉक्टरांनी त्याचा फोटो काढला, पाहिला, पुन्हा पाहिला, गोविंदसिंगाचा जुना फोटो काढून शेजारी लावला आणि दोघांनाही परत बोलावणं धाडलं. नानीबाई पोरीला हिरीबाईच्या हवाली करून बरोबर गेली.

फुलचंद डॉक्टर चुकत नसत असं नाही, पण चुकलो असं वाटलं की त्यांना झोप लागत नसे. हा गुण सगळ्याच डॉक्टरांत सापडत नाही.

"बसा," ते म्हणाले. "एक गोष्ट मला पटेनाशी झाली आहे. दोघांचे बेडके तपासले, त्यात क्षयाचे जंतू नाहीत. पुन्हा तपासले, पुन्हा नाहीत. हातावर सुई टोचली होती ती जागा फुगायला हवी होती, ती फुगली नाही. एवढा पसरलेला क्षय असता तर एव्हाना तुम्ही अंथरुणाला खिळला असता. आणि तुम्ही तर मोटारीतून उतरून पायी चालत आलात. क्षय माणसाला एकेकट्याला गाठतो, हळूहळू पोखरतो. दोन धडधाकट गडी एकाच आठवड्यात, एकाच तऱ्हेच्या तापानं पडतात आणि दोघांच्या छातीत एकच चित्र निघतं, याचा अर्थ दोघांनी एकाच जागची घाण छातीत घेतली आहे. कुठं गेला होतात मिळून?"

गोविंदसिंगानं सोमलाकडं पाहिलं. सोमलानं जमिनीकडं पाहिलं.

"बागेत," गोविंदसिंग म्हणाला.

"बागेत सगळेच जातात. अंधारी कोंदट जागा? पडकी विहीर, गुहा, पाखरांची, वटवाघळांची घाण? काही उपसलं का?"

नानीबाईनं नवऱ्याच्या मानेवरची शीर उडताना पाहिली. इतकी वर्षं संसार केला होता. हा माणूस खोटं बोलताना घसा खाकरतो आणि काही लपवताना त्याची ती शीर उडते, हे तिला माहीत होतं.

डॉक्टर खुर्ची पुढं सरकवून बसले. "नीट ऐका. पाखरांच्या आणि वटवाघळांच्या लेंडीत एक बुरशी वाढते. शिळ्या भाकरीवर येते तसलीच, पण डोळ्यांना दिसत नाही. उपसताना धुरळा उडतो, तो नाकातून छातीत जातो. परदेशात अशा गुहा उपसणारी चांगली पैलवान माणसं आजारी पडली आहेत. फोटो हुबेहूब क्षयासारखा निघतो. तो क्षय नसतो, बहुतेक जण आपोआप बरे होतात, आणि एकाचं दुसऱ्याला लागत नाही. पण नुसत्या माझ्या संशयावर मी काही ठरवू शकत नाही. सॅनेटोरियमची जागा आली आहे, सोमवारी निघायचं आहे. तिथं सुया सुरू होतील, वर्ष जाईल. आणि ज्याला क्षय नाही त्याला क्षयाच्या वॉर्डात वर्षभर निजवलं तर तिथं त्याला खराच क्षय लागू शकतो, हेही सांगून ठेवतो."

त्यातलं एकच वाक्य नानीबाईच्या कानात रुतून बसलं. एकाचं दुसऱ्याला लागत नाही.

परतीच्या मोटारीत ती नवऱ्याच्या शेजारी बसली नाही, त्याच्या समोर बसली, म्हणजे त्याला तोंड फिरवता येऊ नये.

"कुठं गेला होता?"

"नाई सांगता येत."

"मले नाई सांगता येत?"

"कोनालेच नाई. बेलभंडार उचलेल हाय."

आता बेलभंडार म्हणजे काय हे नव्या पोरांना सांगावं लागेल. तळहातावर बेलाचं पान, त्यावर हळदीचा भंडारा, आणि त्यावर दिलेला शब्द. तो मोडला तर देव वंश बुडवतो अशी भावना. आणि तो उतरवायचा कोणी, तर ज्यानं हातावर ठेवला त्यानंच. दुसऱ्या कोणाला तो अधिकार नाही, डॉक्टरला नाही की कलेक्टरला नाही. वकील करून सुटण्यातली ती शपथ नव्हे.

"अन् सोमवारी तिकडं जाशील? वर्साभरासाठी? बुरशीसाठी?"

"गोरमाट्याचा सबद हाय, नानी. पोट्टीच्या डोक्यावर पाप घेऊ का?"

नानीबाई यावर काही बोलली नाही. ती बोलली नाही म्हणजे तिनं काहीतरी ठरवलं होतं. या दोघांच्या हातावर बेल कोण ठेवणार? तांड्याच्या नायकानं ठेवला असता तर तांड्याला कळलं असतं. उरला एकच, ज्याच्या बागेत ते राबत होते.

दौलतराव पाटलांची संत्री म्हणजे त्या भागातला बोलबाला. फळ जड, साल पातळ, फोड तोडली की रस मनगटापर्यंत. दुसऱ्या बागवाल्यांनी विचारलं, पाटील, खत कोणतं घालता, की ते मिशीवर बोट फिरवून म्हणत, "शेण अन् मेहनत." टेकडीवरच्या गोसावीबाबाच्या समाधीची यात्राही तेच भरवत. मानाचा नारळ त्यांच्या हातचा. असा माणूस. नानीबाई गेली तेव्हा ते एका झाडाखाली बाजेवर बसून नातवाला फोडी सोलून भरवत होते.

"काय गं नानी? कसा हाय तुहा नवरा?"

"सोमवारी जाऊन राह्यला. दूर. वर्साभरासाठी."

"हं." पाटलांनी बी काढून टाकली. "चांगले डॉक्टर राह्यते तिथं. बरा होईन."

"तुमची एक चीज हाय त्याच्यापाशी. जायच्या आधी घेऊन टाका."

"माही? कोनती?"

"बेलाचं पान."

पाटलांचा हात फोडीवरच थांबला. मग त्यांनी नातवाला बाजेवरून उतरवून घराकडं पिटाळलं आणि आवाज चढवला. "कोनं सांगतलं तुले? त्यानं सांगतलं? म्हनजे सबद देऊन..."

"त्यानं कायी सांगतलं नाई, पाटील. तुमी सांगून राह्यले आता. मी तं नुसतं पान म्हनलं."

पाटील बसले होते तिथंच आणखी खाली बसल्यासारखे झाले. नानीबाईनं मग डॉक्टरांचं सगळं बोलणं त्यांच्यापुढं मांडलं. दोन फोटो, एक ताप, अंधारी जागा, लेंडीची धूळ. "डॉक्टर इचारून इचारून थकले. दोघाईनं तोंड उघडलं नाई. म्हने, क्षयाच्या दवाखान्यात मरू पन सबद नाई मोडत."

"डॉक्टरलेबी नाई सांगतलं?"

"डॉक्टरले नाई. मले नाई. मायले नाई."

दौलतरावांनी हातातली फोड खाली ठेवली. खरं सांगायचं तर तोवर त्यांना मनातून वाटत होतं की गडीमाणसं ती, आज ना उद्या कुठंतरी बरळतील, आणि तसं झालं तर कसे कानावर हात ठेवायचे हेही त्यांनी जुळवून ठेवलं होतं. पण हे असं घडेल हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. आपण संत्र्यासाठी घातलेली शपथ कोणी जिवापलीकडं पाळील, हे त्यांना कसं ठाऊक असणार? स्वतः त्यांनी तशी पाळली नसती. हे त्यांचं त्यांनाच कळलं आणि त्यांची मान खाली गेली.

"कुठली जागा?" नानीबाईनं विचारलं.

"समाधीखालचं भुयार."

आता मात्र नानीबाईनं पदर तोंडाला लावला. त्या भुयारातली वटवाघळं म्हणजे गोसावीबाबाचे चेले, अशी त्या पंचक्रोशीची समजूत. यात्रेत माणसं भुयाराच्या तोंडाशी नारळ ठेवून उलट्या पावली मागं येत. आत कोणी पाऊल टाकत नसे. आणि यात्रा भरवणारे खुद्द पाटील आतली लेंडी पोत्यांनी उपसून संत्र्यांना घालत होते.

"हसू नको," पाटील म्हणाले.

"हसून नाई राह्यली जी. पन संत्रं गोड काहून हाय ते आता समजलं."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या मोटारीनं चौघं कारंज्याला गेले. पाटलांनी फेटा बांधला होता, यात्रेला बांधत तोच. डॉक्टरांच्या खोलीत उभ्याउभ्याच त्यांनी सगळं सांगून टाकलं, आणि आवाज एकदाही खाली केला नाही. पडायचंच तर ताठ पडावं, असा त्यांचा स्वभाव. डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि गोविंदसिंगाकडं वळले. "हे खरं? आत किती वेळ होतात? तोंडाला फडकं बांधलं होतं?"

गोविंदसिंगानं पाटलांकडं पाहिलं.

"अरे, तुझ्या मालकानंच सांगितलं ना?"

तरी गोविंदसिंगानं नुसता आपला तळहात पुढं केला. तेव्हा पाटलांच्या ध्यानात आलं. त्यांनी खिशातून बेलाचं पान काढलं. येताना आठवणीनं घेतलं होतं. गोविंदसिंगाच्या तळहातावर ठेवलं, परत उचललं, कपाळाला लावलं. "सुटला. माह्याकडून सुटला." तेच सोमलाचं. आणि मग काय विचारता, दोघं एकमेकांचं वाक्य तोडत बोलायला लागले. आत कमरेइतका थर होता. फावडं मारलं की धूर उठायचा. फडकं कोण बांधतो, जीव घुसमटत होता. बाहेर आल्यावर दोघांच्या थुंकीचा रंग काळा. मग काही दिवस बरे गेले आणि एकदम थंडी वाजून ताप. डॉक्टर मान डोलवत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उजेड पडत होता.

"पाटील," ते एकाएकी म्हणाले, "आणि तुम्ही? तुम्ही आत गेलाच नाहीत?"

"यंदा नाई. मी बंडीपाशी होतो. पहिल्यांदा गेलो होतो, मांगं, तीनेक वर्सं झाले. एकटाच. चार पोते भरले अन् मंग हिवतापानं पडलो. काढा घेतला, उठलो."

"हिवताप," डॉक्टर म्हणाले. "चला, सदरा काढा."

"माहा फोटो? मले काय धाड भरली हाय?"

"तेच पाहायचं आहे."

इंजिन धडधडलं. पाटील पोट आत ओढून, श्वास कोंडून मशीनला छाती लावून उभे राहिले. फेटा काढायला ते तयार नव्हते. शेवटी डोक्यावर तो असला तर छातीच्या फोटोला काय फरक पडतो, असं म्हणून डॉक्टरांनी तो राहू दिला. फोटो धुवून होईपर्यंत सगळे बाकावर बसले. नानीबाईनं पोरीला पदराखाली घेतलं. या वेळी ती कस्तुराला बरोबर घेऊन आली होती. हिरीबाईनं विचारलं, काहून नेतं? तर म्हणाली, माही मर्जी. गोविंदसिंग बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसला होता, खिडकीच्या बाजूला, तोंड खिडकीबाहेर करून.

ओला फोटो पेटीवर लागला. डॉक्टरांनी शेजारी गोविंदसिंगाचा लावला.

तिथं जे दिसलं ते समजायला डॉक्टर व्हायची गरज नव्हती. दोन्हीकडं ठिपके. गोविंदसिंगाचे मऊ, कडा पुसट, पाण्यात पीठ पडावं तसे. पाटलांचे पांढरेशुभ्र, कठीण, कोरून काढल्यासारखे गोल, दोन्ही बाजूंना विखुरलेले.

"बाप्पा," पाटील म्हणाले. "हे तं बंदुकीचे छर्रे हायत. मले कोनं अन् कवा मारलं?"

"तुमच्या गोसावीबाबानं, तीन वर्षांपूर्वी," डॉक्टर म्हणाले, आणि पहिल्यांदाच मोकळं हसले. "जखम भरली की खपली धरते ना, तशी ही छातीतली खपली. चुन्यासारखी घट्ट झाली आहे. तुम्हाला हाच रोग झाला होता, याच भुयारातला, आणि कोणत्याही औषधावाचून बरा झाला. तुम्ही जेवता, ओरडता, नातवाला खांद्यावर घेऊन हिंडता. क्षय असता तर तुम्ही आज इथं छाती काढून उभे नसता." त्यांनी गोविंदसिंगाच्या फोटोवर बोट ठेवलं. "आज हा असा आहे. दोनतीन वर्षांनी तुमच्यासारखा होईल. नागपूरला मोठ्या डॉक्टरांना तिन्ही फोटो दाखवून मी खातरी करून घेईन, महिन्या-दीड महिन्यानं पुन्हा फोटोही काढीन. पण सोमवारची जागा मी परत करतो आहे. तिची गरज असलेला दुसरा कोणीतरी वाट पाहत असेल. पहिल्यांदा मी घाई केली, गोविंदसिंग. पसरलेले ठिपके दिसले आणि मी क्षय म्हणून मोकळा झालो."

सोमलानं हात जोडले. पाटील सदरा घालत म्हणाले, "गावात मीच सांगतो. यात्रेच्या आधी, चार लोकाईत. तो नारळ दुसऱ्याच्या हाती जाईन, जाऊ द्या." आणि मग, थोडं थांबून, "संत्रे यंदा आंबट निघतीन, तेबी खाऊ."

"आणि भुयाराचं तोंड बुजवा," डॉक्टर म्हणाले. "वटवाघळांना जायला यायला फट तेवढी ठेवा. त्यांनी काही तुम्हाला आत या म्हणून बोलावलं नव्हतं."

गोविंदसिंगानं मात्र यातलं निम्मं ऐकलंच नव्हतं. तो उठून डॉक्टरांपाशी गेला. "साहेब, दवा?"

"दवा नाही. खरं सांगतो, यावर आज माझ्याकडं दवा नाही, आणि तुला लागणारही नाही असं मला वाटतं. खा, पी, दोनेक महिने ओझं उचलू नको. खोकला अजून राहील, हळूहळू जाईल."

"अन्..." त्यानं हातानंच बाकाकडं दाखवलं. "खोपडी?"

"मोडून टाक. मी सांगितलं ना, हे माणसाचं माणसाला लागत नाही. तुझ्याकडून कधीच कोणाला लागणार नव्हतं."

नानीबाई हे ऐकून उभी राहिली, आणि तिला आधी आनंद झाला नाही, राग आला. एवढे दिवस. नाल्याचा तो काठ आणि हा काठ, वाऱ्याकडं पाहणं, मागं होणं, अजून मागं होणं, सगळं फुकट. पण कोणावर रागवायचं? डॉक्टरांनी कबूल केलं होतं, पाटील फेट्यासकट उघडे पडले होते, नवरा शब्दाला जागला होता. राग ठेवायला जागाच उरली नाही, तेव्हा तिनं पदराखालून पोरीला काढलं आणि नवऱ्यापुढं धरलं.

"घे."

गोविंदसिंगानं हात धोतराला पुसले. पुन्हा पुसले. पोतं उचलणाऱ्या हातांना ते एवढंसं गाठोडं कसं धरायचं हे समजेना. नानीबाईनंच त्याचं कोपर वाकवून पोरीची मान त्यात बसवली. कस्तुरानं त्याच्याकडं टक लावून पाहिलं आणि तिची मूठ त्याच्या मिशीत अडकली. तेवढ्यात त्याला खोकल्याची उबळ आली, आणि सवयीनं त्यानं झटकन तोंड फिरवलं, खिडकीकडं, जिकडं वारा जात होता तिकडं.

नानीबाईनं त्याची हनुवटी धरली आणि तोंड परत पोरीकडं वळवलं.

"खोक," ती म्हणाली. "इकडं पाहून खोक. कायी होत नाई तिले."